उकळलेला साचा

गुमरानच्या डोक्यातून तो हात काही केल्या जात नव्हता.

रविवारी दुपारी मायलेकी फोनवर एकमेकींचे चेहरे बघत बोलत होत्या. बोलता बोलता सोलबीला कशाचं तरी हसू आलं, आणि हसू फुटायच्या आधीच तिचा डावा हात वर आला. चार बोटं ओठांवर, अंगठा गालाला टेकलेला. एवढंच. मग हात खाली गेला आणि सोलबीने शेजारणीच्या कुत्र्याची गोष्ट पुरी केली. गुमरान मात्र त्या हातापाशीच अडकून पडली. तो हात तिच्या ओळखीचा होता. सोलबी तेरा वर्षांची असताना तो असाच वर यायचा. तिच्या दातांच्या तारा निघाल्या त्या उन्हाळ्यात तो गेला होता. आता सोलबी सत्तावीस वर्षांची झाली होती, सुनचॉन शहरात एकटी राहून नोकरी करत होती. मग इतक्या वर्षांनी तो हात परत कुठून आला?

फोन ठेवता ठेवता सोलबीने आणखी एक गोष्ट सांगितली. तिकडच्या वाहिनीला संध्याकाळच्या बातम्यांसाठी सांकेतिक भाषेची दुभाषी हवी होती आणि त्यांनी सोलबीला विचारलं होतं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

‘मी नाही म्हणणार आहे,’ सोलबी म्हणाली.

‘का गं?’

‘असंच. ते काम माझं नाही.’

‘अगं, पण तूच तर दोन वर्षांपूर्वी...’

‘आई, मुळ्याची किमची संपली माझी. पुढच्या वेळी जरा जास्त दे.’

आणि पुढचं बोलणं मुळ्याच्या त्या तिखट लोणच्यावर गेलं.

गुमरानला काही कळेना. टीव्हीच्या कोपऱ्यात दुभाषी दिसते त्या छोट्याशा गोलात उभं राहायचं, हे सोलबीचं जुनं स्वप्न. शाळेत असताना तिची मैत्रीण युनसल आणि ती टीव्हीला नाक लावून बसायच्या आणि गोलातल्या बाईच्या नकला करायच्या. तो गोल आता आपण होऊन दाराशी आला होता, तर ही मुलगी त्याला परत पाठवत होती. हाताचा आणि या नकाराचा काही संबंध होता का? की उगाच आईचं मन दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारत होतं?

तिने नवऱ्याला विचारलं. दोकहोचं बाजाराच्या तोंडाशी चष्म्याचं दुकान होतं.

‘सोलबीचे बाबा, आपल्या सोलबीचा वरचा डावीकडचा दात सरकल्यासारखा वाटतो का हो?’

‘कुठला दात?’

‘पुढचा. समोरचा. हसली की दिसतो तो.’

दोकहोने फोनमधला गेल्या सणाचा फोटो मोठा केला, लहान केला, चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला. मला तर सगळे दात जागच्या जागी दिसतात, असं त्याचं म्हणणं पडलं.

‘कमाल आहे. परक्यांच्या डोळ्यांतला पाव नंबर तुम्हाला कळतो, आणि पोटच्या पोरीचा अख्खा दात दिसत नाही.’

‘लोक माझ्यापुढे डोळे उघडून बसतात,’ दोकहो शांतपणे म्हणाला. ‘दात कोण दाखवतं?’

तेही खरंच होतं. त्या फोटोत सोलबी ओठ मिटून हसत होती. त्याच्या आदल्या फोटोतही. गुमरान मागे मागे जात राहिली. एका फोटोत दात तिरका वाटे, दुसऱ्यात सरळ. एकात सावली पडलेली, एकात मान वळलेली. दीड वर्षापूर्वीच्या एका फोटोत सोलबी दात दाखवून हसत होती, पण तो इतका लांबून काढलेला की मोठा केल्यावर दातांच्या जागी नुसते पांढरे ठिपके उरत. त्यानंतर एकही फोटो उघड्या हसण्याचा नाही. हे आपोआप झालं होतं की कोणी ठरवून केलं होतं?

सोलबीचे दात लहानपणी खरोखरच वेडेवाकडे होते. जबडा लहान आणि दात मोठे. सुळे वर चढलेले, पुढचे दोन एकमेकांवर पाय टाकून बसल्यासारखे. वर्गातली मुलं तिला ‘लसणाचा गड्डा’ म्हणायची. ती घरी येऊन कधी रडली नाही. फक्त तिचा हात तोंडावर जाऊ लागला. हसताना हात, बोलताना हात, पुढे पुढे जेवतानाही हात. मग सहावीत तिच्या शेजारच्या बाकावर युनसल आली. युनसलला ऐकू येत नसे. ती समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखायची, आणि सोलबीचे ओठ तर कायम हाताआड. पहिला आठवडा युनसलने सहन केलं. दुसऱ्या आठवड्यात तिने सरळ सोलबीचं मनगट धरलं, हात खाली ओढला आणि बाकावर दाबून धरला. त्या दिवशी घरी आल्यावर सोलबीने ही हकिगत चार वेळा सांगितली. ‘आई, तिला माझे दात बघायचे नव्हते. तिला मी काय म्हणते ते बघायचं होतं.’

तेव्हापासून सोलबी हातांनी बोलायला शिकली. हात बोलण्यात गुंतले की तोंड झाकायला उरत नाहीत, हे तिच्या लक्षात आलं होतं की नाही, गुमरानला कधी कळलं नाही. पण युनसलसोबत असली की मुलगी तोंड उघडून हसायची, आणि बाकी जगापुढे पुन्हा हात.

म्हणून पंधराव्या वर्षी तारा लावल्या. तारा आवळल्या की चार दिवस पेजेवर काढायचे. डॉक्टरांनी तारांना लावलेल्या पांढऱ्या रबरी कड्या किमचीच्या तिखटाने दोन दिवसांत शेंदरी व्हायच्या, आणि सोलबी आरशात बघून म्हणायची, आता मी भोपळा झाले. सव्वादोन वर्षांनी, भर उन्हाळ्यात तारा निघाल्या. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर तिने रस्त्यावर उकडलेलं मक्याचं कणीस घेतलं आणि फुटपाथवर उभं राहून दातांनी सोलून सोलून खाल्लं. हनुवटीवर दाणे, आणि दोन्ही हात कणसावर. गुमरान तिच्याकडे बघत राहिली होती.

निघताना म्हाताऱ्या डॉक्टरांनी दोन गोष्टी हातात ठेवल्या होत्या. एक डबी. तिच्यात सोलबीच्या नव्या दातांच्या मापाचा पातळ, पारदर्शक साचा. त्याला ते रिटेनर म्हणत. वर्षभर रात्रंदिवस आणि पुढे रोज झोपताना घालायचा, म्हणजे दात मागच्या वाटेने परत जात नाहीत. ‘पुढे म्हणजे कधीपर्यंत?’ सोलबीने विचारलं होतं. ‘दात आहेत तोपर्यंत,’ डॉक्टर म्हणाले होते. दुसरी गोष्ट म्हणजे एक खोकं. त्यात प्लास्टरच्या दातांचे दोन जोड, एकावर ‘आधी’ लिहिलेलं, एकावर ‘नंतर’. शिवाय एक सूचनापत्र. ते गुमरानने फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलं होतं. दोन-तीन वर्षं ते तिथे होतं. रोज सकाळी दूध काढताना ते तिच्या डोळ्यांसमोर असायचं. साचा कुत्र्यापासून जपा. जेवताना काढला तर कागदात गुंडाळून ठेवू नका, कचऱ्यात जातो. गरम पाण्यात धुऊ नका.

गरम पाण्यात धुऊ नका.

ही ओळ तिने किती वेळा वाचली असेल. आणि तरी.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नव्या वर्षाच्या सणाला सोलबी घरी आली होती. दुभाष्याची परीक्षा ती नुकतीच दुसऱ्या खेपेला पास झाली होती आणि सुनचॉनच्या सांकेतिक भाषेच्या केंद्रात नोकरीला लागली होती. पूर्वजांच्या पूजेचा स्वयंपाक उरकला होता, ओट्यावर तेलकट फडक्यांचा ढीग पडला होता. गुमरानने नेहमीप्रमाणे मोठ्या पातेल्यात सोडा टाकून फडकी उकळायला ठेवली. न्हाणीघरात गेली तर बेसिनवर सोलबीची डबी उघडी पडलेली. साच्यावर पांढरट थर, आणि नाकाशी नेल्यावर कुबट वास.

गुमरान माध्यमिक शाळेच्या स्वयंपाकघरात आहारतज्ज्ञ होती. सातशे मुलांचं जेवण रोज तिच्या हाताखालून जायचं. कॉलेजात ती चार वर्षं हेच शिकली आणि नोकरीत सत्तावीस वर्षं तिने हेच केलं. मांसाच्या मधोमध तापमापी खुपसायची, आकडा वहीत लिहायचा. चमचे उकळायचे, जेवायच्या काड्या उकळायच्या, पेले उकळायचे. उकळलं की स्वच्छ, याच्या पलीकडे तिच्या हातांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं. तिने लहान भांड्यात पाणी उकळलं, साचा त्यात सोडला आणि घड्याळाकडे बघितलं. दोन मिनिटं. फार नाही, दोनच मिनिटं.

काड्यांनी बाहेर काढला तेव्हा साच्याची एक कड आत वळली होती, विस्तवावर धरलेल्या समुद्रशेवाळाच्या पापुद्र्यासारखी. गुमरानने तो थंड पाण्याखाली धरला, बोटांनी कड सरळ केली, दाबून धरली. डोळ्यांना तरी पहिल्यासारखा दिसायला लागला. पुसून डबीत ठेवून दिला.

रात्री झोपायच्या आधी न्हाणीघरातून सोलबीचा आवाज आला. ‘आई, हा बसत नाहीये. दुखतंय.’

आणि गुमरान म्हणाली, ‘रोज घालत नसशील.’

न्हाणीघरात थोडा वेळ नळाचा आवाज येत राहिला. मग सोलबी बाहेर आली आणि म्हणाली, ‘हो, परीक्षेच्या वेळी बरेचदा राहून गेलं.’ तिचा चेहरा उतरला होता. गुमरानने तो पाहिला होता. तेव्हा सांगता आलं असतं. पण सोलबीने स्वतःच कबूल केलं होतं, म्हणजे तेच कारण असेल, नाही का? बोटांनी सरळ केलेली कड तर सरळच होती. गुमरानने विषय सोडून दिला. सोलबी डबी न घेताच सुनचॉनला गेली. पुढे एकदा गुमरानने विचारलं, नवा साचा करून घेतलास का, तर सोलबी म्हणाली, बघते. त्यानंतर दोघींपैकी कोणीच त्याचं नाव काढलं नाही.

सोमवारी शाळेत डाळिंबी रंगाच्या मुळ्याचं लोणचं वाढताना गुमरानच्या मनात हेच चाललं होतं. दात नक्की कशाने सरकले? सरकले तरी आहेत का? सरकले असले तर त्या दोन मिनिटांनी, की परीक्षेच्या वेळी चुकलेल्या रात्रींनी? की आणखी कशाने, जे कोणालाच ठाऊक नाही? शाळेत रोजच्या प्रत्येक पदार्थाचा थोडासा नमुना सहा दिवस गोठवून ठेवायचा नियम होता. पोरांची पोटं बिघडली तर दोष कुठे ते शोधता यावं म्हणून. घरातल्या गोष्टींचा असा नमुना कोणी ठेवत नाही. त्या दिवसाचा उरलाय तो एक साचा, आणि तोही न्हाणीघराच्या खणात.

मंगळवारी संध्याकाळी ती युनसलकडे गेली. युनसल आता नदीकाठच्या बेकरीत पाव भाजायचं काम करत होती. सोलबीच्या आईला ती लहानपणापासून आईच म्हणत आलेली. गुमरानला दहा-बारा खुणा येत होत्या. तिने त्यातल्या चार जुळवून ‘सोलबी बरी आहे का’ असं विचारायचा प्रयत्न केला. युनसल खळखळून हसली आणि फोनवर लिहून दाखवलं, ‘आई, तुम्ही आत्ता मला विचारलंत की सोलबी भाजली आहे का. पाव भाजलेत, सोलबी नाही.’

गुमरानही हसली. मग तिने फोनवरच लिहिलं, की सोलबी टीव्हीचं काम नाकारणार आहे, तुला काही बोलली का?

युनसलने पिठाचे हात पुसले. ती बराच वेळ लिहीत राहिली, खोडत राहिली. शेवटी फोन पुढे केला.

‘मागच्या महिन्यात भेटलो तेव्हा ती एका हाताने बोलत होती. दुसरा तोंडावर. मी म्हटलं, हे काय, तू कुजबुजतेयस का? तर म्हणाली सवय लागली. आई, आमच्या भाषेत तोंडही बोलतं. ओठ, गाल, सगळं. तिने तोंड झाकलं की तिचं अर्धं बोलणं मला कळत नाही. केंद्रातले म्हातारे आजोबासुद्धा तिला म्हणाले, पोरी, आज दात दुखतोय का?’

गुमरानने ते दोनदा वाचलं. युनसलने फोन परत घेतला आणि आणखी एक ओळ लिहिली. ‘मी तिचा हात खाली ओढला. या वेळी तिने ओढू दिला नाही.’

आणि मग कागदी पिशवीत चार गोड पाव भरून दिले, पैसे घेतले नाहीत.

घरी येताना गुमरानच्या डोळ्यांपुढे सोलबीचं काम येत राहिलं. सोलबी ऐकू न येणाऱ्या माणसांसोबत दवाखान्यात जायची, बँकेत जायची, पोलिस चौकीत जायची. एका लग्नात पाहुणे भुकेने कासावीस झाले होते आणि प्रमुख पाहुण्यांचा वधूवरांना उपदेश काही संपेना. सोलबीने त्याचं दोन हातांत सार काढलं, ‘भांडू नका, आईबापांना फोन करा,’ आणि ऐकू न येणारी दोन टेबलं सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवून जेवायला उठली. अशी होती ती. लोकांच्या शब्दांना स्वतःचा चेहरा द्यायची. आता तीच चेहरा झाकत होती, आणि शुक्रवार तीन दिवसांवर आला होता.

बुधवारी गुमरान अर्धा दिवस रजा टाकून जुन्या दवाखान्यात गेली. म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले होते. त्यांच्या खुर्चीवर एक तरुण डॉक्टर होते, पण काउंटरवरची बाई तीच होती. तिने लगेच ओळखलं. ‘या, सोलबीच्या आई. तुम्हीच ना त्या, पहिल्या दिवशी आमच्या अवजारं निर्जंतुक करायच्या यंत्राचं तापमान विचारणाऱ्या?’

डॉक्टरांनी सोलबीची फाइल काढली. गुमरानने फोनमधले फोटो दाखवले. त्यांनी बारकाईने बघितलं आणि म्हणाले, सरकल्यासारखा वाटतोय खरा, पण फोटोवरून सांगणं बरं नाही, मुलीला घेऊन या.

‘कशाने सरकले असतील?’

‘दात म्हणजे भिंतीत ठोकलेले खिळे नाहीत, सोलबीच्या आई. जिवंत हाडात असतात. तारा लावलेल्या असोत की नसोत, सगळ्यांचेच जन्मभर थोडे थोडे हलतात. रिटेनर सुटला तर लवकर हलतात. काहींचे सुटूनही हलत नाहीत. का, ते आम्हालाही सांगता येत नाही.’

‘म्हणजे कुणाच्या चुकीने असं नाही?’

‘चूक शोधून दात जागेवर येत नाही. आता एवढं करा, जुना साचा जबरदस्तीने घालू नका. आहे तिथे दात थांबवायला नवा साचा करता येतो. थोडंच सरकलं असेल तर परत जागेवरही आणता येतं. फक्त वर्षानुवर्षं थांबू नका.’ मग फाइल मिटता मिटता त्यांनी सहज विचारलं, ‘जुन्या साच्याला कधी उष्णता लागली होती का? उन्हात गाडीत राहिला, गरम पाण्यात धुतला, असं काही?’

काउंटरवरची बाई दारात उभी राहून कागद लावत होती.

‘नाही,’ गुमरान म्हणाली.

रस्त्यावर आल्यावर तिला स्वतःचंच नवल वाटलं. हे ‘नाही’ कुठून आलं? डॉक्टर काही ओरडले नसते. बाई हसली असती फार तर. सातशे पोरांच्या जेवणात मांस कच्चं राहिलं असतं तर तिने स्वतः वहीत लिहिलं असतं, सही केली असती. मग या एवढ्याशा साच्यापुढे तिची जीभ का वळेना? की तो खरंच बिघडला नव्हताच? बिघडला नसेल तर सांगायचं काय? उगाच आपल्यावर घेऊन मुलीच्या मनात आणखी गोंधळ कशाला?

मनाचा हा लपंडाव गुरुवारी संध्याकाळपर्यंत चालला. तेव्हा तिला ते खोकं आठवलं.

दाराजवळच्या चपलांच्या कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर, दोकहोच्या मासेमारीच्या बुटांमागे ते होतं. तिने धूळ पुसली. ‘आधी’ लिहिलेले दात बाजूला ठेवले. ‘नंतर’ लिहिलेले जेवणाच्या टेबलावर ठेवले. दहा वर्षांपूर्वीचे दात, त्या मक्याच्या कणसाच्या दिवशीचे. हे दात काही हलणार नव्हते. त्यांना ना परीक्षा होती, ना चुकलेल्या रात्री.

खणातून डबी आणली. साचा बाहेर काढला. साचा या दातांवर बरोबर बसला, तर तो ठीक होता आणि हलले ते सोलबीचे दात. नाही बसला, तर.

दोकहो टीव्हीसमोरून म्हणाला, ‘काय चाललंय तिकडे?’

‘काही नाही. तुम्ही तुमचं बेसबॉल बघा.’

उजवीकडून साचा टक्कन बसला. गुमरानचा श्वास मोकळा झाला. तिने डावी बाजू दाबली. ती बसेना. पुढच्या डाव्या दातावर साचा तांदळाच्या दाण्याएवढा उचललेला राहिला. काढून पुन्हा लावला. आधी डावी बाजू बसवून बघितली, तर उजवी उठली. आणखी जोर दिला तेव्हा प्लास्टरचा पांढरा चुरा तिच्या बोटाला लागला, आणि ती थांबली.

दोकहो उठून आला होता. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि वाकून, अगदी जवळून बघितलं. डोळ्यांचा नंबर बघतो तसं.

‘हा वाकलाय,’ तो म्हणाला. ‘गरम झालाय कधीतरी. चष्म्याच्या काड्या अशाच वाकतात.’

 दोकहोने तिच्याकडे बघितलं, मग गॅसवरच्या मोठ्या पातेल्याकडे बघितलं, ज्यात गुरुवारची फडकी सोड्यात भिजत पडली होती. तो बेसबॉल लावलं होतं तिथे परत गेला आणि आवाज कमी केला.

गोंधळ मात्र संपला नव्हता. साचा वाकला हे खरं, पण दात त्यानेच हलले असं डॉक्टरसुद्धा म्हणत नव्हते. सोलबीच्या रात्रीही चुकल्याच होत्या, तिने स्वतः सांगितलं होतं. कदाचित साचा नीट राहिला असता तरी दात हललेच असते. कदाचित सोलबी टीव्हीला नाही म्हणतेय ते वेगळ्याच कारणाने, आणि आईने फोन करून दातांचं काढलं तर ती आणखी आत जाईल. या सगळ्यातलं गुमरानला काहीही ठामपणे सांगता येत नव्हतं. फक्त एक गोष्ट सोडून. ‘रोज घालत नसशील’ हे शब्द तिच्या तोंडून गेले होते, आणि ते म्हणताना तिला ठाऊक होतं की त्याच दिवशी तिच्या हातात तो साचा वळला होता. दोन वर्षं सोलबी ते शब्द घेऊन फिरत होती. आईबापांनी एवढं केलं आणि मी आळसाने घालवलं, असं मनात धरून. म्हणूनच ती डॉक्टरकडे गेली नसेल? म्हणूनच तोंड मिटलं असेल? असेल किंवा नसेल.

शुक्रवारी शाळेत जेवणं उरकली. समुद्रशेवाळाचं सूप, तिखट डुकराचं मांस, मोड आलेली कडधान्यं. स्वयंपाकघरातल्या बायका फरशी धूत होत्या. गुमरानने मांसाचं तापमान वहीत लिहिलं, नमुन्यांच्या डब्यांवर तारीख टाकली, ते फ्रीझरमध्ये ठेवले आणि आपल्या छोट्या खोलीत येऊन दार लावलं. हातमोजे काढले. पिशवीतून प्लास्टरचे दात आणि डबी काढून टेबलावर ठेवले.

सकाळपासून तिने तीनदा लिहून पाठवायचा प्रयत्न केला होता. पहिलं लांब झालं. दुसऱ्यात माफी इतकी होती की मूळ गोष्टच सापडेना. तिसरं लिहून झाल्यावर तिला कळलं, की सोलबी उत्तरादाखल एक हसरा चेहरा पाठवेल आणि म्हणेल, काही हरकत नाही गं आई. आणि हात तोंडावर तसाच राहील.

सव्वातीन वाजले होते. सोलबीचं शेवटचं काम तीनला संपायचं. सहापर्यंत तिला उत्तर कळवायचं होतं.

गुमरानने मनाशी ठरवलं, की पहिलं वाक्य ‘जेवलीस का’ नसेल. ते विचारलं की ती जेवणावर जाईल, मग किमचीवर, मग फोन ठेवायची वेळ होईल. पहिलं वाक्य असेल, तो साचा मी उकळला होता. मग प्लास्टरच्या दातांवर साचा लावून दाखवायचा. टीव्हीचं हो म्हण असं म्हणायचं नाही. नाही म्हण असंही नाही. सोलबी चिडेल कदाचित. चिडली आणि बोलायला तोंड उघडलं, तर निदान ते दिसेल.

चेहरा दिसणारा फोन लावायचा की नुसता आवाजाचा, यावर ती क्षणभर अडली. मग तिने फोन टेबलावरच्या सुपाच्या मोठ्या डावाला टेकवून उभा केला, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतील, आणि सोलबीच्या नावावर बोट ठेवलं.